जानेवारीत एकटीनं क्वेबेक सिटी: जावं की राहू द्यावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीची, सध्या लेकीकडे कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागाला मुक्काम. लेक-जावई कामावर, नात शाळेत, आणि मी दिवसभर खिडकीतून समोरच्या पार्किंगमधला बर्फ बघते. जानेवारीअखेर क्वेबेक सिटीला एकटीनं जाऊन यावं असं मनानं घेतलंय. लेकीचं म्हणणं, उन्हाळ्यात सगळे मिळून जाऊ. ते जाणं कसं असतं ते मला माहितेय: नातीला भूक लागते, जावयांना गाडी लावायला जागा मिळत नाही आणि संग्रहालय राहून जातं. नोकरीभर नववी-दहावीला इतिहास शिकवला. तटबंदी दिसली की माझा पाय निघत नाही.

वय साठीच्या पुढे, तब्येत बरी, फक्त उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो. शाकाहारी आहे, अंडं चालतं. फ्रेंच 'मेर्सी'च्या पुढे येत नाही. थंडी झेपेल का, एकट्या बाईला काही अडचण येते का, आणि मुख्य म्हणजे बर्फानं झाकलेल्या गावात बघायला उरतं काय? जाऊ नका म्हणणाऱ्यांनीही लिहा. फक्त हा धागा माझ्या लेकीला पाठवू नका.

गोधडीप्रेमी

काकू, राग मानू नका, पण जाऊ नका. जानेवारीत तिथं दुपारी सरासरी उणे आठच्या आसपास, रात्री उणे सतराच्या आसपास, त्यात नदीवरचा वारा. जुनं शहर कड्यावर, रस्ते उताराचे. आम्ही गेलो तेव्हा निम्मा वेळ कॉफीच्या दुकानात हात शेकत काढला. तटबंदी बघायची तर सप्टेंबरअखेर जा, झाडंही रंगायला लागलेली असतात.

लेव्हीकर

गोधडीप्रेमींचे आकडे बरोबर, सल्ला चूक.

मी नदीपलीकडे लेव्ही गावात काही वर्षं राहिलो आणि फेरीबोटीनं पलीकडे कामाला जायचो, म्हणून अधिकारानं लिहितो. काकू, इतिहासाच्या बाईंनी हे शहर हिवाळ्यातच बघावं, कारण इथला इतिहास सेंट लॉरेन्स नदीवरच्या बर्फानं ठरवलाय. १६०८ साली शाम्प्लेन या फ्रेंच दर्यावर्दीनं वसाहत मांडली. पहिल्या हिवाळ्याला २८ माणसं राहिली होती, वसंतात ८ उरली. बाकीची प्रामुख्यानं स्कर्व्ही (ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणारा रोग) आणि आमांशानं गेली. नदी गोठली की फ्रान्सहून जहाज येणं बंद, महिनोन्महिने.

आता १७५९ घ्या. इंग्रज सेनापती वुल्फ उन्हाळाभर शहरावर तोफा डागत बसला होता, पण कडा चढता येईना. सप्टेंबर उजाडला तसा त्याच्या आरमाराला घोर लागला, कारण नदी गोठायच्या आत जहाजं बाहेर काढायला हवीत. तेव्हा कुठं १३ सप्टेंबरच्या पहाटे तो फौज घेऊन कड्यावर चढला. अब्राहमच्या माळावरची लढाई अर्ध्या तासात आटोपली. वुल्फ रणातच गेला, फ्रेंच सेनापती माँकाल्म दुसऱ्या दिवशी सकाळी.

शहर पडलं, पण निकाल लागला नव्हता. आरमार निघून गेलं आणि मागे राहिलेली इंग्रज फौज आपणच तोफांनी पाडलेल्या घरांत हिवाळा काढत बसली. स्कॉटिश शिपाई किल्टमध्ये, पाय उघडे. उर्सुलाईन मठातल्या नन्सनी त्यांना लांब लोकरी मोजे विणून दिले. शत्रूचे शिपाई हो! मग एप्रिल १७६० मध्ये फ्रेंच सेनापती लेव्हीनं (आमचं गाव त्याच्याच नावाचं) शहराबाहेर इंग्रजांना हरवून वेढा घातला. त्यानंतर दोन्ही फौजा नदीकडे डोळे लावून होत्या, की बर्फ फुटल्यावर पहिलं जहाज कुणाचं येतं. मे महिन्यात आलं ते इंग्रजांचं. काही दिवसांत वेढा उठला, आणि १७६३ च्या तहानं फ्रान्सनं इथला मुलूख सोडला.

हे सगळं हिरव्या गवतावर उभं राहून कळत नाही. म्हणून सामान टाकलं की पहिली फेरीबोट पकडा. क्वेबेक ते लेव्ही, दहा-बारा मिनिटांचा प्रवास, वर्षभर चालतो. हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या बोटीला घासत, करकरत जातात. इथपर्यंत भरती-ओहोटी येते, त्यामुळे त्या लाद्या कधी समुद्राकडे, तर कधी उलट्या वर सरकताना दिसतील. पर्यटक वरच्या डेकवर शातो फ्रॉन्तनाक हॉटेलचे फोटो काढत असतात. दिसतंही ते झकास, पण ते १८९३ चं, रेल्वे कंपनीनं प्रवासी ओढायला बांधलेलं. तुमचं लक्ष पाण्याकडे असू द्या.

पूल व्हायच्या आधी लोक याच बर्फातून टपाल आणि माल होडीनं न्यायचे. पाणी असेल तिथं वल्ही मारायची, लादी आली की उतरून होडी ओढायची. १९०७ मध्ये पूल बांधताना कोसळून ७५ कामगार गेले, १९१६ मध्ये मधला भाग चढवताना पडला आणि आणखी १३ गेले. १९१७ ला एकदाचा खुला झाला. त्या होड्यांची आता शर्यत होते, कार्निव्हलमध्ये. कार्निव्हल साधारण जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतो, तुमच्या तारखांशी जुळतंय का बघा. पाच-पाच जणांच्या चमू एकेका होडीला जुंपलेल्या असतात, बघताना आपल्यालाच धाप लागते. कार्निव्हलचं बोधचिन्ह असलेल्या लाल टोपीवाल्या बर्फाच्या बुवाबरोबर फोटो काढण्यापेक्षा हे बघा.

शातोशेजारच्या बागेत १८२८ चा एक दगडी स्तंभ आहे, वुल्फ आणि माँकाल्म दोघांचा मिळून. जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचं स्मारक एकच. तिथं तुमचा वेळ जाईल. बोटं बधिर झाली की जवळच्या मॉरिन सेंटरमध्ये शिरा. ती इमारत आधी तुरुंग, मग कॉलेज, आता इंग्रजी वाचनालय. कोठड्या अजून आहेत, वाचनालयात वुल्फचा लाकडी पुतळाही आहे. दर्शनाच्या वेळा आधी बघून जा.

गुडघ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. वरचं गाव आणि खालचं गाव यांमधल्या जिन्याचं नावच 'मानमोड जिना' आहे, बर्फात त्याच्या वाटेला जाऊ नका. शेजारी कड्यावर चढणारी छोटी केबलगाडी आहे, १८७९ पासूनची. ती खाली लुई जोलिएच्या घरात उतरते. मिसिसिपी नदी शोधायला गेलेला तोच. देखभालीसाठी ती कधीमधी बंद असते, म्हणून हॉटेलात विचारून निघा. बुटांवर चढवायचे काटेरी रबरी पट्टे मिसिसागातच घेऊन ठेवा. मोजे दोन जोड कोंबू नका, बूट घट्ट झाला की पाय जास्त गारठतो. एकच जाड लोकरी जोड आणि बूट एक माप मोठा. सुती बनियन घरी ठेवा, घामानं ओली झाली की अंगावरच गार पडते. फोन आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बसते.

आणि भिंतीला चिकटून चालू नका. पत्र्याच्या उतरत्या छपरांवरून बर्फाचे ढिगारे आणि सुळे खाली येतात, तशा पाट्या लावलेल्या असतात. त्या फ्रेंचमध्ये असतात, वाचता आल्या नाहीत तरी वर बघा.

एकट्या बाईचं म्हणाल तर काळजी माणसांची कमी, निसरड्याची जास्त. संध्याकाळी अंधार लवकर पडतो, पण गल्ल्या गजबजलेल्या असतात. आधी 'बाँझूर' म्हणा, मग इंग्रजीत विचारा. थेट इंग्रजीत सुरुवात केलीत तर उत्तर मिळेल, हसू मिळेलच असं नाही.

पोळीभाजी

ताई, खाण्याचं मी सांगते, कारण लेव्हीकर तुम्हाला नदीच पाजतील.

पुटीन सगळे सुचवतील: बटाट्याचे काप, चीजचे गोळे, वरून गरम रस्सा. तो रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाच्या अर्काचा असतो, त्यामुळे शाकाहारी रस्सा आहे का ते विचारूनच घ्या. वाटाण्याचं पिवळं सूप दिसायला अगदी आपल्या वरणासारखं, पण त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. राजम्यासारख्या घेवड्याचंही तेच. 'सां व्यांद', म्हणजे मांस नको, एवढे दोन शब्द पाठ करा आणि तरी पुन्हा विचारा. क्रेप (पातळ धिरडी) मिळतात, अंडं-चीज-मशरूम घालून, त्यावर तुमचं जेवण निभेल. शिवाय मेपलचा उकळता पाक ताज्या बर्फावर ओतून काडीला गुंडाळून देतात, तो चुकवू नका. दाताच्या कवळ्या असतील तर जपून!

कार्निव्हलमध्ये कॅरिबू नावाचं लाल पेय मिळतं. सरबत नाही ते, वाइनमध्ये कडक दारू असते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. गोधडीप्रेमी, तुमचाही राग नाही. नन्सच्या मोज्यांची गोष्ट मला पस्तीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. तो उर्सुलाईन मठ बघता येतो का? मोंमोरांसीचा धबधबाही जवळच आहे म्हणतात, तो गोठलेला असतो का? आणि आगगाडीनं जायचं तर राहावं कुठं, वर की खाली?

लेव्हीकर

वर, तटबंदीच्या आत. खालचं गाव संध्याकाळच्या दिव्यांत सुंदर दिसतं, पण रोज चढायचं-उतरायचं कशाला? तिथला प्लास रॉयाल चौक बराचसा १९७० च्या दशकात फ्रेंच अमदानीसारखा पुन्हा उभारलाय, हेही लक्षात असू द्या. राहायला ऑगस्टिन नन्सच्या जुन्या मठातलं हॉटेल बघा. तिथं नाश्ता मौन पाळून करतात, एकट्या माणसाला बरं पडतं. उर्सुलाईन मठ १६३९ पासूनचा, तिथं संग्रहालय आहे. हिवाळ्यातल्या वेळा मात्र तपासून घ्या.

धबधबा ८३ मीटरचा, नायगाऱ्यापेक्षा उंच. तो पूर्ण गोठत नाही. पाणी पडतच असतं, त्याचे तुषार गोठून पायथ्याशी बर्फाचा शंकू वाढत जातो. शहरातून ८०० नंबरची बस जाते. वारा असेल त्या दिवशी जाऊ नका, तुषार तोंडावर येऊन गोठतात.

आगगाडी माँट्रियलला बदलावी लागू शकते. मधे चांगला दोन तासांचा अवकाश ठेवा, हिवाळ्यात गाड्या रखडतात. क्वेबेकचं गार द्यु पाले स्टेशन खालच्या बाजूला आहे. बॅग ओढत चढ चढू नका, टॅक्सी करा.