अंगात त्राण नसलेल्या आठवड्यात घरचा अभ्यास कसा चालवायचा?

प्रश्न
मोठी १० वर्षांची, धाकटा ६ वर्षांचा. दोघंही घरीच शिकतात. मधूनच एखादा आठवडा असा येतो की ताप नाही, दुखणं नाही, पण दुपारपर्यंत मी पार गळून जाते. वेळापत्रक सोमवारीच कोलमडतं आणि राहिलेलं भरून काढायला पुढच्या आठवड्यात दुप्पट काम होतं. अशा वेळी काय चालू ठेवावं, काय सोडावं? मोठीला धाकट्याला शिकवायला बसवलं तर चालेल का?

उत्तर १
सगळ्यात आधी ते दुप्पट काम बंद करा. पुढचा थकवा तिथूनच सुरू होतो. राहिलेलं राहू द्या.

वाचन आणि गणित हे दोन विषय मात्र सोडू नका. सराव तुटला की वाचनाचा वेग आणि पाढे लवकर मागे पडतात. इतिहास, विज्ञान, चित्रकला आठवडाभर थांबली तरी काही बिघडत नाही. धाकट्याला रोज १० मिनिटं मोठ्याने वाचन आणि १० मिनिटं बेरीज-वजाबाकी पुरे. मोठीला २० मिनिटं गणित, २० मिनिटं मूकवाचन आणि वाचलेल्यावर चार-पाच ओळी. तेवढ्यावर त्या दिवसाचा अभ्यास खरोखर संपला असं धरा.

या आठवड्यात नवीन काही शिकवू नका, हे मी आग्रहाने सांगेन. हातच्याची वजाबाकी किंवा मोठा भागाकार थकलेल्या आवाजात घाईने शिकवला की मूल पायऱ्या चुकीच्या पाठ करतं, आणि ते पुसायला पहिल्यांदा शिकवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. महिन्याभरापूर्वीची पाच-सहा उदाहरणं द्या, उत्तरं पानामागे लिहून ठेवा. चुकलेल्यावर फक्त खूण करा, समजावणं नंतर.

वेळापत्रकाचं म्हणाल तर वाचन-गणित सोडून बाकी विषयांना वार देऊच नका. मंगळवारचं विज्ञान बुडलं की ते थेट पुढच्या मंगळवारी येतं, आणि सारखा तोच वार बुडाला तर तो विषय महिनोन्महिने मागे राहतो. त्याऐवजी विषयांची एकाखाली एक यादी करा. जिथे थांबलात तिथूनच पुढे जायचं, मग दिवस कोणताही असो. सहा आठवडे अभ्यास आणि सातवा मोकळा असं वर्ष आखलं तरी अभ्यासाचे ४५ आठवडे हाती राहतात. थकव्याचा आठवडा आला की तो मोकळा आठवडा अलीकडे ओढायचा.

उत्तर २
वरच्याशी सहमत, एक भर. सकाळी उठल्या उठल्या टीव्ही किंवा मोबाइल लावून दिला की तो बंद करताना जी ओढाताण होते, तिच्यातच उरलीसुरली शक्ती जाते. अभ्यास आधी, व्हिडिओ नंतर, आणि वेळ नव्हे तर भाग मोजून द्या: “दोन भाग.” भाग संपतो तेव्हा थांबणं मुलांना सोपं जातं. ऐकायची पुस्तकं त्याहून बरी, आडवं पडून सगळ्यांना एकत्र ऐकता येतात.

प्रश्नकर्ती
धाकटा दर पाच मिनिटांनी काहीतरी विचारायला येतो. त्याचं काय करू?

उत्तर ३
त्याच्यासाठी एक खोकं बरं वाटत असतानाच भरून ठेवा: ठिपके जोडायची पानं, बोथट कात्री आणि कापायला जुने कागद, आकृत्या जुळवायचे तुकडे, चित्रांची पुस्तकं. रंग आणि चिकणमाती नको, नंतरची आवराआवर तुमच्याच गळ्यात पडते. एखाद्या वस्तूसाठी तो दोनदा मदत मागायला आला तर ती त्याच्या वयाला जड आहे, काढून टाका. खोकं एरवी कपाटात बंद हवं. रोज समोर असलं की तिसऱ्या दिवशी कुणी हात लावत नाही. आणि तुम्ही पडणार त्याच खोलीत त्याला बसवा, पाणी-खाऊ हाताशी ठेवा. सहा वर्षांच्या मुलाला वेगळ्या खोलीत सोडून डोळे मिटू नका.

मोठीने १५ मिनिटं गोष्ट वाचून दाखवली तर दोघांचाही फायदा आहे. गणित शिकवणं, चुका काढणं, शिस्त लावणं तिच्याकडे देऊ नका. लहान भावंडं ते ऐकत नाहीत, भांडण होतं आणि मिटवायला तुम्हालाच उठावं लागतं.

उत्तर ४
एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. असे आठवडे कधी येतात याची कॅलेंडरवर खूण करत जा. पाळीच्या आधी येतात का, अपुऱ्या झोपेनंतर येतात का, हे दोन-तीन महिन्यांत दिसतं, आणि मग हलका आठवडा आधीच आखता येतो. थकवा दोन आठवड्यांहून लांबला, किंवा कशातच मन लागेनासं झालं, तर डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा, थायरॉइड आणि बी-१२ तपासायचं का, हे त्यांना विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून तो वेगळा विचारून घ्या.