मदत हवी आहे: दादाला यकृत प्रत्यारोपणासाठी गोव्याबाहेर हलवायचंय, डोनर मी. कुणाचा अनुभव?

नमस्कार मंडळी, डिचोलीहून लिहितेय. दादा (वय 46) अकरा दिवस आयसीयूत आहे. दोन-तीन दिवसांत निर्णय घ्यायचाय, म्हणून सगळं सांगते.

दादाला हिपॅटायटिस बी. सिरॉसिस (यकृत घट्ट होत जाणं) 2019 मध्ये कळला, तेव्हापासून विषाणू दाबून ठेवणाऱ्या टेनोफोव्हिरची रोज एक गोळी. दुकान, भजन, सगळं व्यवस्थित चालू होतं. यंदा कुणीतरी गावठी औषध सुचवलं, "मुळापासून जाईल" म्हणून. दादाने गोळी सोडली आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. तो अॅडमिट झाल्यावर देवघराच्या खणात गोळ्यांच्या चार बाटल्या मिळाल्या, सील न फोडलेल्या. वहिनी त्या हातात धरून किती वेळ तशीच बसून होती. कुणाच्या घरात हे औषध चालू असेल तर हात जोडून सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू देऊ नका. गोळी थांबली की दबलेला विषाणू उसळतो.

आधीच सिरॉसिस, त्यावर हा घाव. डॉक्टर याला एसीएलएफ म्हणतात, म्हणजे जुन्या आजारी यकृतावर अचानक आलेला घात, त्यात इतर अवयवही निकामी होऊ लागतात. बिलिरुबिन (कावीळ) 22, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) 2.6, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची) 1.6, आणि या तिन्हींवरून आजार किती गंभीर ते सांगणारा मेल्ड स्कोअर 33. यकृत आणि रक्त गोठणं, दोन्ही निकामी, म्हणून ग्रेड 2. या ग्रेडमध्ये प्रत्यारोपणाशिवाय महिनाभरात साधारण तिघांतला एक जातो, ग्रेड 3 झाला तर चौघांतले जवळजवळ तीन. टेनोफोव्हिर परत सुरू केलंय, पण त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आहे का हाच प्रश्न आहे.

काल डॉक्टरांनी त्याला हात पुढे करायला सांगितले, तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते, यकृताचा परिणाम मेंदूवर होतोय त्याची ही खूण. मला म्हणाला, "माटोळीचं सामान आणलंस?" माटोळी म्हणजे चवथीला गणपतीवर बांधतात ती फळापानांची, आणि चवथ होऊन महिना झाला.

धाकट्या भावालाही हिपॅटायटिस बी निघाला, वहिनीचा रक्तगट जुळत नाही. राहिले मी. वय 39, ओ गट, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह. घरचे तयार आहेत, सासूबाई मात्र रडतायत, "तुझी पोरं लहान आहेत." त्यांचंही चूक नाही.

विचारायचंय ते असं. एवढ्या आजारी माणसाला मुंबईला किंवा बंगळूरला कसं नेलंत? अशा अवस्थेत प्रत्यारोपण झालेलं कुणी आहे का, पुढे कसं गेलं? आणि डोनर बाईने कामाला कधी लागावं?

---

उत्तर:

ताई, मी म्हापशाचा. माझ्या बायकोचं 2021 मध्ये झालं, एसीएलएफ ग्रेड 3, डोनर तिचा भाऊ. आज ती घर सांभाळते, संध्याकाळी चालायला जाते. योग्य वेळी प्रत्यारोपण झालेल्या ग्रेड 3 च्या पेशंटांतही वर्षानंतर दहातले साधारण आठ जिवंत असतात, असं युरोपातल्या मोठ्या केंद्रांचे आकडे सांगतात. पण ते निवडून घेतलेले पेशंट. आटोक्यात न आलेला जंतुसंसर्ग असेल, बीपीची औषधं वाढतच असतील किंवा फुफ्फुसं बसली असतील, तर सर्जन थांबतात. म्हणून ग्रेड 2 मध्येच हलवा.

आम्ही रोडने गेलो, व्हेंटिलेटरची सोय असलेली अॅम्ब्युलन्स आणि सोबत डॉक्टर. निघण्याआधी तिकडच्या टीमशी इथल्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून द्या, सगळे रिपोर्ट आणि सीटीची सीडी आधी पाठवा. तिथे पोहोचून पुन्हा तपासण्या सुरू करायच्या म्हटलं तर दोन दिवस जातात.

तुम्ही सख्खी बहीण, म्हणजे कायद्याने जवळचं नातं. तरी दोघांचे जन्मदाखले, रेशन कार्ड आणि जुना कुटुंबाचा फोटोही घ्या, नातं सिद्ध करावं लागतं. यजमानांनाही न्या, त्यांची संमती विचारतात. सीटीत तुमच्या यकृताचं मोजमाप होईल. दादाच्या वजनाच्या किमान 0.8 टक्के यकृताचा तुकडा लागतो, म्हणजे 70 किलोला 560 ग्रॅम, आणि तुमच्याकडे निदान 30 टक्के उरायला हवं. या आजारात पोटात साठणारं पाणी धरून दादाचं वजन सांगू नका. तुम्हाला फॅटी लिव्हर निघालं तर नाही म्हणतील, तेव्हा दुसरं नाव तयार ठेवा.

मेव्हणा आठव्या दिवशी घरी आला, तीन महिन्यांनी दुकानात बसला. जड उचलणं तेवढं बराच काळ बंद. सासूबाईंना सांगा, धोका नाही असं कुणीच म्हणणार नाही, पण डोनर दगावणं फार विरळ. त्यांना डॉक्टरांसमोर बसवा, आमच्याकडे त्यानेच फरक पडला.

---

धागाकर्ती:

दादा, तुमचे उपकार कसे फेडू! वजनाचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, त्याच्या पोटातून परवाच पाच लिटर पाणी काढलंय. रिपोर्ट मुंबईला पाठवले. माझी सीटी उद्या सकाळी आठला आहे, सासूबाई सोबत येतायत. काही लागलं तर इथेच विचारते.