मदत हवी आहे: इंग्रजी अर्जात 'अपिअर' कसं वापरायचं?

तापीकाठ (रावेर)
टी.वाय.ची परीक्षा झाली, निकाल बाकी आहे. केळीच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये फील्ड असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करायचाय. सोबत करपा रोगाच्या पाहणीचा एक पानी अहवाल इंग्रजीत मागितलाय. ही वाक्यं बरोबर आहेत का?

१. आय वॉज अपिअर्ड फॉर टी.वाय. बी.एस्सी. एक्झाम.
२. यलो स्पॉट्स आर अपिअर्ड ऑन द लीव्हज.
३. आय अपिअर दॅट द डिसीज इज स्प्रेडिंग.
४. द स्प्रे डिसअपिअर्ड द स्पॉट्स.

शिवाय फॉर्ममध्ये 'अपिअर्ड' आणि 'अपिअरिंग' असे दोन पर्याय आहेत. त्यातला कोणता निवडू?

शुद्धलेखन_अमळनेर
चारही चुकली आहेत, पण मूळ एकच आहे. 'अपिअर' अकर्मक आहे. जो दिसतो, उगवतो किंवा हजर होतो तोच कर्ता. त्याला कर्म लागत नाही, म्हणून कर्मणी प्रयोगही होत नाही. 'वॉज अपिअर्ड', 'आर अपिअर्ड' हे कधीच येणार नाही. आपल्याकडे अहवालात 'डाग दिसून आले' लिहायची सवय असते, त्यामुळे 'वॉज' घालायचा मोह होतो. घालायचाच असेल तर क्रियापद बदला: 'स्पॉट्स वेअर सीन' किंवा 'वेअर ऑब्झर्व्हड'.

पहिलं वाक्य: 'आय हॅव अपिअर्ड फॉर द फायनल इयर एक्झाम, द रिझल्ट इज अवेटेड.' पेपर होऊन निकाल राहिलाय, म्हणजे तुम्ही 'अपिअर्ड'. परीक्षा व्हायची असेल किंवा चालू असेल तर 'अपिअरिंग'. परीक्षेला 'अपिअर फॉर' म्हणणं आपल्या भारतीय इंग्रजीतलं आहे. इथल्या अर्जात बिनधास्त वापरा, परदेशी अर्जात मात्र 'टूक द एक्झाम' लिहा.

दुसरं: 'यलो स्पॉट्स हॅव अपिअर्ड ऑन द लीव्हज.' म्हणजे आधी नव्हते, आता उमटले. आणि 'द लीव्हज अपिअर यलो' म्हणजे पानं पिवळी दिसतात. दोन अर्थ वेगळे आहेत, अहवालात सरमिसळ नको. दुसऱ्या अर्थात पुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही, आणि 'आर अपिअरिंग यलो' असंही होत नाही. पहिल्या अर्थात, म्हणजे उमटणं, हजर राहणं, परीक्षेला बसणं यात '-इंग' चालतं.

तिसऱ्यात गोची 'मला'ची आहे. मराठीत 'मला असं दिसतं', अहिराणीत 'माले असं वाटस'. दोन्हीकडे 'मला' सुरुवातीला येतो, म्हणून इंग्रजीत 'आय'ने सुरुवात होते. पण इथे दिसणारा मी नाही. 'इट अपिअर्स दॅट द डिसीज इज स्प्रेडिंग' किंवा 'द डिसीज अपिअर्स टू बी स्प्रेडिंग'. पसरून झालाय असं सुचवायचं तर 'अपिअर्स टू हॅव स्प्रेड'. 'टू मी' जोडता येतं, पण अहवालात नकोच.

कोर्टरोड_धुळे
अर्जाशी संबंध नाही, पण 'फॉर'ने आमच्या क्षेत्रात घोळ होतो म्हणून सांगतो. कोर्टात 'अपिअर फॉर' म्हणजे पक्षकारातर्फे उभं राहणं, आणि ते काम वकिलाचं. पक्षकार स्वतः हजर झाला तर 'अपिअर्ड इन पर्सन'. न्यायाधीशांसमोर असेल तर 'बिफोर', कोर्टात असेल तर 'इन'. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ९ सगळा याच हजेरी-गैरहजेरीचा आहे. समन्स रीतसर बजावूनही प्रतिवादी पुकाऱ्याला आला नाही तर दावा एकतर्फी चालू शकतो.

मळा_यावल
भाऊ, चौथ्या वाक्यात इंग्रजीआधी शेतीच चुकलीय. 'डिसअपिअर'लाही कर्म लागत नाही, म्हणून व्याकरणाने 'द स्प्रे मेड द स्पॉट्स डिसअपिअर' होईल. पण सिगाटोकाचे, म्हणजे केळीवरच्या करप्याचे, डाग फवारणीने जात नाहीत. तिथली पेशी मेलेली असते, पान हिरवं होत नाही. फवारणी फक्त नवी लागण रोखते. लॅबवाले हे वाक्य पाहून भुवया उंचावतील. लिहा: 'नो न्यू स्पॉट्स अपिअर्ड आफ्टर द स्प्रे.' आणि क्रमही नीट द्या: आधी बारीक पिवळसर रेघा, मग तपकिरी डाग, शेवटी मध्यभाग राखाडी. 'स्ट्रीक्स अपिअर फर्स्ट' इतकं पुरे.

तापीकाठ (रावेर)
आभारी आहे. मग 'सीम' आणि 'लुक' कुठे वापरायचे? तिन्ही सारखेच वाटतात.

शुद्धलेखन_अमळनेर
'लुक' डोळ्यांना दिसतं तेवढ्यापुरतं आणि बोलण्यातलं: 'द प्लांट लुक्स वीक'. 'सीम'मध्ये बोलणाऱ्याचा अंदाज जास्त. 'अपिअर' जरा औपचारिक, समोरच्या खुणांवरून काढलेला अंदाज सांगतं, म्हणून अहवालात तेच शोभतं. 'सीम्स लाइक' सर्रास चालतं, 'अपिअर्स लाइक' खटकतं. तिथे 'अपिअर्स टू बी'. मात्र मोजलेल्या गोष्टीला यातलं काहीच लावू नका. पानं मोजली असतील तर थेट आकडा द्या. 'अपिअर' लिहिलं की खात्री नाही असा अर्थ निघतो.

'देअर'ने सुरुवात केली तर वचन सांभाळा: एक डाग असेल तर 'देअर अपिअर्स टू बी', अनेक असतील तर 'देअर अपिअर टू बी'.

मळा_यावल
स्पेलिंगही बघा. 'पी' दोनदा येतो, आणि 'अपिअरन्स'चा शेवट ए-एन-सी-ई असा आहे. 'डिसअपिअर'मध्ये 'एस' एकच, 'पी' मात्र दोनच. मोबाईलवर टाइप करताना नेमका तिथेच एक 'पी' गळतो.