दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा टायगर-१ ची जुळणी: टरेट (तोफेचा फिरता बुरूज) कधी बसायचा?

प्रश्न: कासेलच्या हेन्शेल कारखान्यात टरेट आधी बसायचा की इंजिन?

उत्तर: टरेट अगदी शेवटी. तो कासेलमधलीच वेगमान कंपनी जुळवून पाठवायची. वजन सुमारे ११ टन, त्यामुळे क्रेनशिवाय हलणं नाही. चिलखती हल (रणगाड्याचा मुख्य सांगाडा) क्रुपसारख्या पोलाद कारखान्यांतून वेल्ड होऊन यायचा. वेल्डिंगच्या उष्णतेनं पत्रे ओढले जातात, म्हणून सस्पेन्शनची भोकं आणि टरेटची बैठक नंतरच यंत्रावर कापायची. आधी कापली तर सरळ रेष विसराच.

दुसरं उत्तर: मग १६ टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारे पोलादी दांडे), प्रत्येक बाजूला ८. प्रत्येक बार हलच्या पूर्ण रुंदीभर आडवा, त्यामुळे दोन्ही बाजूंचे बार एकामागे एक. म्हणून एका बाजूचे चाकांचे आर्म पुढे वळलेले, दुसऱ्या बाजूचे मागे. चाकं एकमेकांत गुंतलेली, त्यामुळे आतल्या रांगेपासूनच चढवायची.

प्रश्नकर्ता: आतलं चाक बिघडलं तर?

उत्तर: बाहेरची उतरवा. डिझाइनचीच खोड ती!