मेडिकलच्या मुलाखतीला ब्लेझर हवाच का? माझं मत: नको

देवगडकर मावशी

भाचीला नीटमध्ये छान गुण पडले आणि पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचं, म्हणजे एएफएमसीचं, मुलाखतीचं बोलावणं आलं. आनंदाचीच गोष्ट. पण गणपतीच्या तोंडावर घरात कपड्यांवरून वाद पेटलाय. कुणीतरी तिच्या वडिलांच्या डोक्यात भरवलं की काळा ब्लेझर, पँट आणि टाचेचे बूट नसतील तर पोरीला कोणी विचारणार नाही. वर चार दिवसांचा 'व्यक्तिमत्त्व विकासा'चा वर्ग. सगळं मिळून अठरा हजार. आंब्याचा हंगाम यंदा कसा गेला ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी सव्वीस वर्षं हायस्कूलात शिकवतेय. दरवर्षी मुलांना वक्तृत्व स्पर्धेला घेऊन जाते. उसन्या कपड्यातलं मूल मला लांबून ओळखू येतं. हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नाही.

परवा शेजारच्यांच्या मुलीचा ब्लेझर आणला आणि भाचीला ओसरीवर खुर्चीत बसवलं. खांदे कानाला लागलेले, बाह्या मनगटाच्या खाली. विचारलं, "डॉक्टर का व्हायचंय गो?" तर पाठ केलेलं एक इंग्रजी वाक्य आलं. रात्री तीच पोर सुती कुर्त्यात तांदूळ निवडत बसली होती. तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग ती आजोबांच्या डायलिसिसबद्दल बोलायला लागली. आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी, मशीनच्या आवाजात झोपलेले आजोबा, त्यांच्या हातावरची ती फुगलेली शीर जिला हात लावला की थरथर लागते. दहा मिनिटं बोलत होती. सूप तसंच मांडीवर.

म्हणून माझं मत: इस्त्री केलेला साधा सलवार-कुर्ता, नीट बांधलेले केस, बस्स. तुम्हाला काय वाटतं?

जयगड खाडी

मला आधी हे सांगा, मेडिकलला मुलाखत असते कुठे? माझ्या मुलाला रत्नागिरीच्या सरकारी कॉलेजात जागा मिळाली. नीटचे गुण, राज्य सीईटी सेलच्या फेऱ्या, कागदपत्रांची तपासणी, संपलं. त्याने त्या दिवशी काय घातलं होतं तेही आठवत नाही.

देवगडकर मावशी

बरोबर आहे तुमचं. राज्यातल्या एमबीबीएसच्या जागांना मुलाखत नाही. खाजगी कॉलेजातली मॅनेजमेंट कोट्याची जागासुद्धा नीटच्या गुणांवर आणि फेऱ्यांतूनच भरते. 'आमच्याकडे मुलाखत देऊन जागा पक्की करा' असं कोणी फोनवर सांगत असेल तर त्याला एक रुपया देऊ नका.

एएफएमसीचं वेगळं. तिथे नीटच्या गुणांवरून मुलांना बोलावतात, मग इंग्रजी आणि तर्काची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. मुलाखतीला ५० गुण.

हर्णै बंदर

मावशी, आदर ठेवून विरोध करतो. तुम्ही म्हणता तसं साधं जायचं हे ऐकायला गोड वाटतं, पण त्याची किंमत आपल्याच मुलांना मोजावी लागते.

बारा वर्षांपूर्वी मी याच मुलाखतीला गेलो होतो. घरातही हेच म्हणाले होते, आहेस तसा जा. पाऊस धो धो. शर्ट दोन दिवस माजघरातल्या दोरीवर होता, तरी काखेत ओलाच. वर चुलीचा वास. चामडी बूट माळ्यावरून काढले तर आत-बाहेर पांढरी बुरशी. खोबरेल लावून पुसले. रात्रभर एसटी, घाटात दोन तास खोळंबा, स्वारगेटला उतरलो ते चिखलातच. आत गेलो, पहिला प्रश्न विचारला, आणि मला ऐकू येत होता फक्त माझ्या मोज्यातल्या पाण्याचा आवाज. खोटं नाही सांगत. गावाबद्दल विचारलं, मासेमारीबद्दल विचारलं, जे मला झोपेतही सांगता आलं असतं, आणि मी 'हो सर, नाही सर' करून बाहेर आलो.

निवड झाली नाही. कपड्यांमुळे नाकारलं असं मी म्हणत नाही. माझं लक्ष कपड्यांत अडकलं होतं, एवढंच म्हणतो.

आणि ब्लेझरात पोर अवघडली त्याचं कारण सांगू? तो दुसऱ्याच्या मापाचा होता आणि तिने तो पहिल्यांदाच घातला होता. पुण्यामुंबईच्या मुलांना शाळेतच टाय-ब्लेझरची सवय लागते. आपल्या मुलीला तिच्या मापाचा शिवून द्या, पंधरा दिवस घरात घालून फिरू द्या, खांदे आपोआप खाली येतील. तिथे १४५ जागांत मुलींना जेमतेम ३० जागा मिळत आल्यात. एकेका गुणावर खाली-वर होतं. ती लष्कराची संस्था आहे, समोर गणवेशातले अधिकारी बसणार. टापटीप तिथे कामाचा भाग आहे.

वर्गाचे पैसे मात्र वाचवा. त्यावर मी तुमच्या बाजूने.

देवगडकर मावशी

तुमचं वाचून खूप वेळ गप्प बसले. मोज्यातलं पाणी मला दिसलं अगदी.

तरीही टापटीप म्हणजे ब्लेझर हे मला पटत नाही. आपल्याच कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाला गेली. जाण्याआधी श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरला, भर सभेत तिने सांगितलं होतं की मी पोशाख बदलणार नाही. १८८६ला डॉक्टर होऊन बाहेर पडली ती साडीतच. तिच्या कॉलेजने तिला साडीसकट घेतलं ना?

हर्णै बंदर

आनंदीबाईंचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे, मावशी. नऊवारीत पाय उघडे पडायचे, तिकडची थंडी सोसेना, म्हणून तिथे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसायला लागल्या. फोटोत बघा, पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेला आहे. साडी सोडली नाही, पण जागेप्रमाणे नेसण बदललं. मी त्याहून जास्त काही मागत नाहीये.

राजापूरची काकू

माझा पुतण्या इंग्लंडात वाढलेला. गेल्या डिसेंबरात आजी आजारी म्हणून सगळे राजापूरला आले होते आणि त्याची एक मेडिकलची मुलाखत इथूनच झाली, पडवीत लॅपटॉप ठेवून. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टर भरून ठेवला, कोंबड्या परसात कोंडल्या.

तिकडे बहुतेक ठिकाणी एकच लांबलचक मुलाखत नसते. सहा-आठ छोटे टप्पे असतात, प्रत्येकाला पाचेक मिनिटं, दर टप्प्याला नवा परीक्षक. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून २००४च्या सुमारास पुढे आली. एका टप्प्यात एक बाई रडत होती. ती ह्याची शेजारीण, तिचं मांजर ह्याच्या हातून गाडीखाली गेलंय असं समजायचं आणि तिला ते सांगायचं. ती नटी असते, पण रडणं खरं वाटतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तो पहिल्यांदा घाईघाईत माफी मागायला लागला, मग थांबला, आणि म्हणाला, "तुम्ही बसता का आधी?" तिथे मला वाटलं, ह्याला मिळणार.

कपडे? निळा शर्ट आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. म्हणाला, इंग्लंडच्या सरकारी इस्पितळांत २००८ पासून रुग्णाजवळ जाताना कोपराच्या खाली काही घालायचं नाही, ना लांब बाह्या, ना घड्याळ. जंतू पसरतात म्हणून. लांब बाह्यांचा पांढरा कोटही गेला. तेव्हा कोट घातला की डॉक्टर दिसतो, हे तरी डोक्यातून काढा.

दोडामार्ग पीएचसी

मी डॉक्टर आहे, सिंधुदुर्गातच. शिकले वर्ध्याजवळ सेवाग्रामच्या महात्मा गांधी संस्थेत. तिथे विद्यार्थ्यांनी खादीच घालायची असा नियम आहे. पहिल्या महिन्यात मला ती टोचायची, पाचव्या वर्षी दुसरं काही अंगाला लागेना. म्हणून हर्णैकर सवयीबद्दल म्हणतात ते खरं आहे. पण सवय खादीची लागते तशी कुर्त्याची आधीच लागलेली आहे, तर ती मोडायची कशाला? माझं मत मावशींकडे.

आणि कपड्यांवर इतकं बोलताना प्रश्न मागे राहिले. तिला दोन गोष्टींची तयारी करायला सांगा.

एक, आपला भाग. आमच्या दोडामार्गात २०१६ला माकडताप आला, काजूच्या बागेत कामाला जाणारी माणसं तापाने पडायला लागली. तो गोचिडीमुळे पसरतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप येतो, तो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे. देवगडची पोर हे सांगू शकली नाही तर मला वाईट वाटेल. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल वाचू दे. लाल विंचू चावून कोकणात माणसं मरत होती, त्यांनी रात्ररात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब टिपले आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मरणारे वाचवले. ते काम 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०२२ला पद्मश्री मिळाली.

दुसरी, सैन्य. तिथे शिकलं की लष्करी वैद्यकीय सेवेत काही वर्षं नोकरी करण्याचं बंधन असतं. 'जाशील का, कुठेही?' हा प्रश्न येणार असं धरून चला. त्याचं उत्तर वडिलांनी नव्हे, तिने स्वतः ठरवलेलं हवं. कुठल्याच कपड्यात हे झाकता येत नाही.

वेंगुर्ल्याचो बाबू

चेडवाक सांगा, भियाव नको. बाकी चर्चा छान. मी एकच भर घालतो: टाचेचे बूट अजिबात नको. वैद्यकीय तपासणीला दिवसभर या खोलीतून त्या खोलीत चालावं लागतं, कपडे काढा-घाला करावे लागतात. दहा बटणांचं आणि नाड्यांचं काही घालू नये.

देवगडकर मावशी

डॉक्टरताई, आज रात्रीच तिला विचारते. खरं सांगायचं तर सैन्याचा प्रश्न आम्ही घरात कोणीच तिला विचारला नव्हता. अठरा हजारांवर आठ दिवस भांडलो.

ब्लेझर घेणार नाही, एवढं नक्की. पण हर्णैकर, तुमचं अर्धं ऐकलंय. उद्या कणकवलीला जाऊन तिच्या मापाचे काळे सपाट बूट घेते आणि आजपासून घरात घालायला लावते. कुर्ता नवा नको, तिचा तो फिकट निळाच, तो काखेत थोडा आत घालून देते.

हर्णै बंदर

मी अजून ब्लेझरवर ठाम आहे मावशी, पण पोर तुमची आहे. एवढं करा: मुलाखतीचा कुर्ता अंगावर घालून एसटीत बसवू नका. इस्त्री करून, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, पिशवीचं तोंड खाली करून ठेवा. बुटांत वर्तमानपत्र कोंबा. मोजे तीन जोड. आणि आदल्या दिवशी दुपारीच पुण्यात पोहोचा, रात्रीच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. घाट कधी बंद होईल सांगता येत नाही.