मदत हवी आहे: केंटकी डर्बी पूर्ण दिसेल असं रेकॉर्डिंग कुठे मिळेल?

मंडळी, केंटकी डर्बी ही अमेरिकेतली घोड्यांची रेस म्हणजे सव्वा मैल, 20 पर्यंत घोडे आणि जेमतेम 2 मिनिटं, 1973 चा सेक्रेटॅरिएट या घोड्याचा 1 मिनिट 59.4 सेकंदांचा रेकॉर्ड अजून कुणी मोडला नाहीये. आता एवढ्याशा वेळात चॅनलवाले मधेच पुढच्या दोन घोड्यांचा क्लोजअप लावतात आणि मागून बाहेरच्या बाजूने कोण जोर काढतंय ते दिसतच नाही, खरी रेस तर तिथेच असते ना! ट्रॅक ओला असला तर जॉकींच्या (घोडेस्वारांच्या) कपड्यांचे रंगही चिखलात ओळखू येत नाहीत, वर कॉमेंट्री गर्दीच्या आवाजात बुडते.

गेटपासून फिनिशपर्यंत एकाच वाइड कॅमेऱ्याने दाखवलेलं रेकॉर्डिंग कुठे बघायला मिळतं का? आणि टीव्हीवर फक्त कॉमेंट्री मोठी ऐकू येईल अशी काही सेटिंग असेल तर प्लीज सांगा.