मदत हवी आहे: माशांच्या टाकीत नको ते एनिमोन पसरलेत

झुळूक_ठाणे
एनिमोन, म्हणजे दगडाला चिकटलेले ते फुलासारखे जीव, वाढतच चाललेत. चिमट्याने ओढले, ब्लेडने खरवडले, तर आठवड्यात आधीपेक्षा जास्त. शेजारचे झोआंथस (मी हौसेने ठेवलेले प्रवाळासारखे जीव) मिटून बसलेत. दगड बाहेर काढता येत नाही. लवकर सांगा, मला शनिवार-रविवारीच वेळ असतो.

समुद्रमित्र
टाकी किती लिटरची? मासे कोणते? फोटो टाका, त्याशिवाय काय सांगणार!

पाणपोई
हायड्रा असेल. फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध घाला. माझ्या झिंग्यांच्या टाकीतला लगेच गेला.

समुद्रमित्र
हायड्रा गोड्या पाण्यातला. झोआंथस आहेत म्हणजे टाकी खाऱ्या पाण्याची. तिथे ते औषध घालू नका.

झुळूक_ठाणे
खाऱ्या पाण्याचीच हो. ६० लिटर, दोन क्लाउनफिश. उपाय सांगा ना.

खडपाळ
मग एप्टेशियाच, टाकीत तणासारखा माजणारा एनिमोन. आता खरवडणं बंद करा, बुडाचा एवढासा तुकडा दगडाला राहिला तरी त्यातून नवं उगवतं. दोन पेपरमिंट श्रिंप आणा, ही कोळंबी एप्टेशिया खाते. फक्त दुकानदार कॅमल श्रिंप गळ्यात मारत नाही ना ते बघा. तिच्या पाठीला कुबड असतं आणि ती झोआंथस कुरतडते.

चुनखडी
श्रिंपचा भरवसा नाही. माशांचं खाणं आयतं मिळालं की एनिमोनकडे ढुंकून बघत नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, आरओच्या पाण्यात टूथपेस्टसारखा दाट कालवा. पंप बंद करून सिरिंजने थेट एनिमोनच्या तोंडावर सोडा, हळूच, नाहीतर तो आधीच आक्रसतो. एका वेळी तीन-चारच. एवढ्याशा पाण्यात पीएच झटक्यात चढतो.

खडपाळ
झोआंथसला खेटून चुना? तेही जळतील. त्यापेक्षा बर्गिया आणा. ही समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय काही खात नाही.

चुनखडी
आणि एप्टेशिया संपला की उपाशी मरते. मुळात इथे मिळते कुठे आणि केवढ्याला?

निळाई
कॉपरबँड बटरफ्लाय मासा ठेवा, तो एप्टेशिया खातो.

खडपाळ
६० लिटरमध्ये? तो वीतभर वाढतो. हाल करू नका त्याचे.

प्रवाळवेडी
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, दगड कुठले? प्रवाळाचे तर नाहीत ना? २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तरी मालवणला लोक तुकडे पिशवीत भरताना पाहिलेत. जीव तुटतो अगदी.

झुळूक_ठाणे
दगड दुकानातले आहेत, ताई. फोटो टाकलाय, आता तरी सांगा.

समुद्रमित्र
अहो, हा एप्टेशिया नाहीच, माजानो आहे, एनिमोनचीच दुसरी जात! बुटका, हिरवट तपकिरी, हात आखूड आणि टोकाशी फुगीर. एप्टेशिया उंच, पारदर्शक, त्याचे हात टोकाशी निमुळते. बर्गिया माजानोला तोंड लावत नाही, पेपरमिंटही क्वचितच. वरची अर्धी चर्चा बाद. दगड का निघत नाही?

झुळूक_ठाणे
खालचे इपॉक्सीने चिकटवलेत. झोआंथसचा वरचा सुटा आहे, पण तो हलवायची भीती वाटते.

पाणपोई
सुटा असेल तर उकळत्या पाण्यात घाला, विषय संपला.

समुद्रमित्र
अजिबात नको!! काही झोआंथसमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. दगड उकळला तर ते वाफेबरोबर श्वासात जातं, लोक हॉस्पिटलात भरती झालेत. पाणपोई, मदत करायची तर असलं लिहू नका. झुळूक, हातमोजे आणि गॉगल घाला, दगड टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घ्या. माजानोच्या बुडाखालचा टवका छिन्नीने उडवा, एनिमोनला न कापता. दगड टाकीच्याच पाण्यात खळबळून परत ठेवा. खालच्या दगडांवरच्यांना चुनखडी म्हणतात तसा चुना. झोआंथसला खेटून असेल त्याला मात्र चुना नको.

झुळूक_ठाणे
छिन्नी आहे. सिरिंजला सुई कितीची लावू?

चुनखडी
बारीक सुईत चुना अडकतो. बोथट, रुंद तोंडाची घ्या, आणि काम झाल्यावर लगेच व्हिनेगरने धुवा.